मागची तारीख

"आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार आमचा देश मान्य करीत आहे, पूर्णविराम."

"बरोबर. पुढचं वाचा," टायपिस्ट बाई म्हणाल्या. मसुदा कारकुनाच्या हातात होता, पक्की प्रत बाईंच्या.

परराष्ट्र खात्यातला कुठलाही कागद असा मोठ्याने वाचून, ताडून पाहिल्याशिवाय सहीला जात नसे. तीस वर्षं हेच करून कारकुनाचं नावच 'स्वल्पविराम' पडलं होतं. माणूस गरीब गाय, पण वेलांटी चुकली तर मंत्र्यालाही अडवील.

पुढच्या ओळीत तारीख होती. कोणत्या दिवसापासूनचे गुन्हे न्यायालयाने पाहायचे, ती. त्याने वाचली. बारा वर्षांपूर्वीची! त्याचा जीव भांड्यात पडला. त्याच्या पोराला गणवेशातली माणसं 'जरा चौकशी आहे' म्हणून घेऊन गेली, त्याला नऊ वर्षं झाली होती. ती चौकशी अजून संपली नव्हती. इथल्या सगळ्या कोर्टांनी हात वर केले होते.

"माझ्याकडे वेगळं आहे हो," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "पुढच्या महिन्याची एक तारीख."

"मग तुमची प्रत चुकली. मसुदा खरा." तो दोन्ही कागद घेऊन तडक सचिवांकडे गेला.

सचिवांनी चष्मा काढला. "प्रत बरोबर आहे. तारीख काल वरून बदलली, ते पान परस्पर नव्याने टाइप करून घेतलं. मागचं उकरायचं नाही, असं ठरलंय. मसुद्यात दुरुस्ती करा."

"साहेब, माझा मुलगा..."

"माहीत आहे मला." साहेबांना त्याच्याकडे बघवेना. "दुसऱ्या कुणाला देऊ का हे?"

"नको. दुसरा चुका ठेवील."

जागेवर येऊन त्याने पट्टी लावली, जुनी तारीख एका रेघेत खोडली, वर नवी लिहिली आणि शेजारी आपली छोटी सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही, याची त्याला घरी पोचेपर्यंत लाज वाटत राहिली.

बायको दारातच उभी होती. रेडिओवर न्यायालयाची बातमी ऐकल्यापासून तिने पोराचा फोटो, शाळेचा दाखला आणि हाताने लिहिलेला अर्ज पिशवीत घालून ठेवला होता. शेजारच्या दुकानातून त्याची टाइप केलेली प्रतही आणली होती.

"झालं का हो?"

"झालं. पण पुढच्या महिन्यापासूनचंच बघणार आहेत. आपला पोरगा त्यात बसत नाही गं."

ती पिशवी घेऊन उंबऱ्यावर बसली. "म्हणजे अर्ज घेणार नाहीत?"

"नाही."

"तरी द्यायचा. नाही म्हणून लिहून तरी देऊ देत. नऊ वर्षांत तेवढंही कुणी दिलं नाही." तिने टाइप केलेली प्रत त्याच्यापुढे धरली. "एकदा तपासा. चूक राहायला नको."

हाताने लिहिलेला अर्ज तिने स्वतःकडे घेतला. तो वाचू लागला. पोराचं नाव, स्वल्पविराम, वय एकोणीस, स्वल्पविराम. नेल्याच्या तारखेपाशी मात्र त्याचा आवाज फुटेना.

मग आपल्या कागदावर बोट ठेवून तिनेच ती तारीख वाचली.

"बरोबर?"

"बरोबर," तो म्हणाला आणि त्याने पुढची ओळ घेतली.