पोपटी नाताळ

सुरतेतल्या प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, हसमुखभाईंनी प्रभावतीला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, "बेन, तुम्ही क्रिश्चन ना?"

"आम्ही बौद्ध आहोत, सर."

"हां, तेच ते. फॉरेनवाळा धरम." हसमुखभाईंचं समाधान झालं. "मग क्रिसमसच्या झाडाचं काम तुमचं."

बौद्ध धर्म फॉरेनला गेला तो इथूनच, हे सांगायला प्रभावतीने तोंड उघडलं होतं, पण हसमुखभाईंनी तोवर फोन उचलला.

पांडेसऱ्यातली ही तीन मजली इमारत त्यांनी खरं तर कापडाचे माग बसवायला बांधली होती. विजेचं मोठं कनेक्शन काही मिळेना, म्हणून त्यांनी तिथे इंग्लिश मिडियम शाळा काढली. पोरांना वीज कमी लागते. प्रभावती तिथे हिंदी आणि चित्रकला शिकवायची. आता पलीकडे बमरोलीत दुसरी शाळा निघाली होती आणि गेल्या नाताळात तिने दारात दिव्यांचं झाड उभं केलं होतं. ते बघून इथली वीसेक पोरं तिकडे गेली. जानेवारीत नवे प्रवेश सुरू व्हायचे. म्हणून पंचवीस तारखेला, ऐन सुट्टीच्या दिवशी, पालकांना बोलावून कार्यक्रम करायचा असं हसमुखभाईंनी ठरवून टाकलं.

शाळेतली आया रतनबेन गामीत हिने त्याच दिवशीची रजा मागितली, तेव्हा ते जवळजवळ दुखावले.

"पंचवीसला? अरे बेन, त्या दिवशी क्रिसमस छे. काम किती असणार."

 रतनबेनने अर्जाची घडी केली आणि कमरेला खोचली.

झाड कसलं आणायचं यावर स्टाफरूममध्ये दोन दिवस चर्चा झाली. मुख्याध्यापक जयंत सर बँकेतून निवृत्त झालेले, अस्सल-नक्कलची फार चाड असलेले. झाड असेल तर जिवंत, असं त्यांचं म्हणणं. हसमुखभाईंचं म्हणणं, प्लास्टिकचं घ्या. दरवर्षी कामाला येतं आणि पाणी मागत नाही. प्रभावती म्हणाली, मुलांकडून बनवून घेऊ. त्यावर दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने मुलांकडून शाळेची इमारत बांधून घ्यायचं सुचवलं होतं.

जयंत सर मुख्याध्यापक, म्हणून पहिला मान अस्सल झाडाचा. सर आणि प्रभावती रिक्षा करून कतारगामच्या एका नर्सरीत गेले. तिथल्या माळ्याने कमरेएवढ्या, खालून रुंद, वर निमुळत्या अशा हिरव्यागार झाडाची कुंडी पुढे केली.

"ही तर मोरपंखी," प्रभावती म्हणाली.

"बाकीचं वर्ष मोरपंखी," माळी म्हणाला. "डिसेंबरात क्रिसमस ट्री."

सरांनी ती कुंडी मांडीवर घेऊन, तान्हं लेकरू आणावं तशी जपत शाळेत आणली आणि व्हरांड्यात ठेवली. एक गोष्ट मात्र ते विसरले. मोरपंखीला पोरं विद्येचं झाड म्हणतात. तिची डहाळी वहीत ठेवली की अभ्यास आपोआप डोक्यात शिरतो, हे दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी होती. मधली सुट्टी संपली तेव्हा कुंडीत एक काडी उरली होती. जयंत सरांनी वर्गावर्गात जाऊन वह्या झाडायला लावल्या, पण झाड काही परत जुळेना. चाचणीत निम्मा वर्ग नापास झाला तो वेगळाच.

मग प्लास्टिकची पाळी आली. हसमुखभाईंच्या मेहुण्याने मुंबईहून माणसाच्या उंचीचं झाड आणलं. शाळेत नेण्याआधी ते एक रात्र घरी ठेवलं, आणि तिथेच घोळ झाला. हसमुखभाईंच्या बायकोला ते फार आवडलं. तिने ते दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभं केलं, त्याला दिवाळीची तोरणं गुंडाळली आणि जाहीर केलं की हे आता इथून हलणार नाही. हसमुखभाई कुणाच्या बापाला घाबरत नसत. बायको त्यात धरलेली नव्हती.

"बेन, तुमची ती हाथ-बनावटवाली आयडिया," ते तेवीस तारखेला म्हणाले, "मला पहिल्यापासून पसंत होती."

प्रभावतीचा नवरा नागनाथ एका प्रोसेस हाउसमध्ये रंगमास्तर होता. कापडाला कोणता रंग किती चढवायचा, हे तो ठरवायचा. संध्याकाळी तिने त्याला हिरव्या चिंध्या मागितल्या, तेव्हा त्याने चहाची बशी खाली ठेवली.

"तेहतीस कोटी सोडून मोकळे झालो आपण. आता हा चौतीसावा कशाला आणायचा?"

"देव नाही हो, झाड आहे."

"पिंपळही झाडच असतो. त्याचं काय काय झालं बघ."

"चिंध्या आणणार आहात की नाही?"

नागनाथने आणल्या. साड्यांच्या एका ऑर्डरचा रंग बिघडला होता, त्या ताक्यांची दोन पोती. रंग हिरवा होता खरा, पण पोपटालाही लाज वाटेल असा. बांबू मिळाले स्मशानाच्या वाटेवरच्या दुकानात. दुकानदाराने सवयीने विचारलं, "कोण गेलं?" प्रभावती म्हणाली, "कुणी नाही, एक जन्मणार आहे." त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि जास्त काही न विचारता काथ्याचं बंडल फुकट दिलं.

पंचवीसच्या सकाळी ती स्टुलावर उभी राहून बांबूच्या सांगाड्यावर चिंध्यांच्या झालरी बांधत होती आणि रतनबेन खालून एकेक झालर वर देत होती. बोलायचं म्हणून प्रभावतीने विचारलं, "आज घरी लग्न होतं का कुणाचं? रजा मागितली होती तुम्ही."

"लगन नाय, बेन. नाताळ."

प्रभावतीचा हात थांबला. "तुम्ही ख्रिस्ती आहात?"

"होवे. आमचं आखं फळिया, आखी वस्ती."

"मग सांगितलं का नाही? तीन आठवडे आम्ही इथे झाडासाठी मरतोय."

"कोणी विचारलं नाय," रतनबेन म्हणाली. "आनी झाडाचं मला काय माहीत. आमच्याकडे झाड नाय करत. उंच बांबूवर कागदाचा तारा लावतो, गाणी म्हणतो, कोंबडा कापतो." तिने त्या पोपटी डोलाऱ्याकडे पाहिलं. वाईट बोलायचं तिच्या जिवावर आलेलं दिसलं. "लांबून बरं दिसते," ती म्हणाली.

प्रभावती स्टुलावरून उतरली.

दहा वाजता हॉल भरला. डाइंगचे, लूमचे कामगार, त्यांच्या बायका, कडेवर पोरं. खानदेशी, ओडिया, भैये, थोडे गुजराती. हसमुखभाईंनी माइक घेतला, शाळेची स्तुती केली आणि झाडाकडे हात केला. "हे आपल्या प्रभावतीबेननी स्वतःच्या हातांनी बनवलं. त्या खुद क्रिश्चन छे, म्हणून एकदम ओरिजिनल."

टाळ्या पडल्या. माइक प्रभावतीच्या हातात आला.

सुरतेत अकरा वर्षं खोल्या शोधताना 'तुम्ही कोण' या प्रश्नाला तिने हरतऱ्हेची गुळमुळीत उत्तरं दिली होती. महाराष्ट्रातले, भुसावळकडचे, रेल्वेवाल्यांचे. आज तर उत्तर आयतंच मिळालं होतं, त्यावर टाळ्याही मिळाल्या होत्या. नुसतं थँक्यू म्हणून खाली बसता आलं असतं.

"मी ख्रिस्ती नाही," ती हिंदीत म्हणाली. "मी बौद्ध आहे. साहेबांचा थोडा घोटाळा झाला. इथे ख्रिस्ती एकच आहेत, रतनबेन. त्या मागे सतरंज्या घालतायत. आजचा सण कसला, ते त्यांनाच विचारू."

रतनबेन पुढे आली. तिने माइक लाटण्यासारखा धरला. "एक बाई होती," ती म्हणाली. "तिचे दिवस भरलेले. नवरा सुतार. सरकारात नाव लिहायला परगावी गेले, तर ऱ्हायला खोली मिळाली नाय. सगळ्यांनी ना म्हटलं. मग ढोरांच्या गोठ्यात पोरगा झाला. तेच आमचे देव. बस."

 हॉलमधल्या सगळ्यांनी सुरतेत खोल्या शोधल्या होत्या.

"बाळंतीण नको म्हटले असतील," पुढच्या रांगेतली शांताबाई मोठ्याने म्हणाली. तिचा मुलगा तिसरीत होता.

"आधी जात विचारली असंल," तिच्या शेजारणीने सांगितलं. मागून कुणीतरी घरमालकांच्या नावाने एक अस्सल सुरती शिवी हासडली, आणि हॉलभर हसू पसरलं. बमरोलीत स्वतःच्या दोन चाळी असलेल्या हसमुखभाईंनी घड्याळात पाहिलं.

माइक रतनबेनकडे होता, पण प्रभावतीचं तोंड आता उघडलेलंच होतं. "साहेब, रतनबेनना आजची रजा हवी होती," ती म्हणाली. "व्याऱ्याच्या पुढे गाव आहे. आत्ता निघाल्या तर दुपारच्या जेवणाला पोचतील."

दोनशे माणसं हसमुखभाईंकडे बघत होती, आणि जानेवारीत प्रवेश होते. "अरे, जाओ, जाओ," ते म्हणाले. "मी कुठे ना म्हटलं?"

रतनबेन माइक ठेवून तशीच चालू लागली. दारात वळून तिने प्रभावतीला सांगितलं, "एकतीसला या आमच्याकडे. धणीला घेऊन."

हॉल झाडायला कुणी उरलं नव्हतं. जयंत सरांनी पदर खोचावा तशी पँट दुमडली आणि एक केरसुणी घेतली, दुसरी प्रभावतीने. हसमुखभाई त्या दिवशी तिच्याशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ते प्रवेशाला आलेल्या एका पालकाला अभिमानाने सांगताना तिने ऐकलं की आमच्या शाळेत सर्व धरमांचा स्टाफ छे.

एकतीसला ती नागनाथला घेऊन व्याऱ्याच्या बसमध्ये बसली. जाताना तो वाटभर कुरकुरत होता. प्रार्थनेला बसणार नाही, हे त्याने तीनदा बजावलं. रतनबेनच्या अंगणात त्याने नागलीचे चार रोटले आणि कोंबडीचा रस्सा दोनदा वाढून घेतला. मग तिच्या थोरल्या भावाशी त्याचा वाद जुंपला. धर्म बदलल्यावर जात सुटते का, हा विषय. दोघंही हट्टाला पेटलेले, दोघंही एकमेकांना पानतंबाखू देत होते. प्रभावतीने दोनदा सांगितलं की शेवटची बस निघेल.

"निघू दे," नागनाथ म्हणाला. "हा माणूस चुकतोय, आणि मला अजून सिद्ध करता येत नाहीय."