बस म्हटलं की बसावं

मी आफ्रिकेतल्या आक्रा शहराच्या बुकोम वस्तीतल्या बॉक्सिंगच्या तालमीतलं स्टूल बोलतोय. फुटक्या होडीच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. दोन फेऱ्यांच्या मध्ये रक्ताळलेली माणसं मिनिटभर माझ्यावर टेकतात आणि पुन्हा मार खायला जातात. तेवढ्यात शहाणं व्हायचं असतं. फार थोडे होतात.

आमच्याकडे होमोवोच्या सणाआधी काही आठवडे ढोलबंदी असते. लढतीही थांबतात. तेव्हा ओक्पोती वस्ताद एकेकाला माझ्यावर बसवून विचारतात, "वर्षभर काय केलंस? कुठली खोड वाढली? पुढं कुठं चाललायस?" कुणी रडतो, कुणी शिव्या देतो. काही जण लढणं सोडून मासेमारीला गेले, ते आज धडधाकट आहेत.

लार्ते मात्र कधीच बसला नाही. "बसतात ते म्हातारे," म्हणायचा. लढतीतसुद्धा मधल्या मिनिटाला उभा राहून गर्दीला दंड दाखवायचा. त्याला डाव्या डोळ्यानं धूसर दिसतंय, असं त्याच्या बायकोनं, कोर्कोरनं, वस्तादांच्या कानावर घातलं.

"धूसर तिला दिसतं," लार्ते हसला. "म्हणून तर माझ्याशी लग्न केलं."

सण झाला, लढत लागली. समोरच्यानं तो डोळा बरोबर हेरला आणि तिथंच ठोसे घालत राहिला. भुवई फाटली. एक दात माझ्या पायाशी येऊन पडला. गर्दी आणखी मागत होती. मला त्या गर्दीची किळस आली.

घंटा झाली आणि लार्ते भलत्याच कोपऱ्यात गेला. वस्तादांनी त्याला मानगुटीला धरून माझ्यावर आदळलं.

"कुठं चालला होतास?"

"तुमच्याकडंच येत होतो, वस्ताद. दिसला नाहीत."

पुन्हा घंटा झाली. तो उठायला लागला, तशी कोर्कोर दोरांतून आत घुसली आणि सरळ त्याच्या मांडीवर बसली.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आता ऊठ बघू."

गर्दीतून बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या. एका खुर्चीनं माझा पाय मोडला, एका बाटलीनं कोर्कोरची पाठ फोडली. ती हलली नाही.

लार्तेचा तो डोळा गेलाच. आता तो वस्तादांच्या हाताखाली पोरं तयार करतो. मधल्या मिनिटाला कुणी उभा राहिला, की मागून गुडघ्यात लाथ घालतो. गडी धपकन माझ्यावर कोसळतो आणि तारेनं आवळलेला माझा पाय कळवळतो.

कळवळू दे. माझा पाय मोडला तर दुसरा ठोकता येतो. तुम्ही बसा.