आझलीनचे चाहते

माझी धाकटी बहीण आझलीन पॅरिसला गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढची वीस वर्षं ती पुस्तकं लिहीत होती आणि ती कुणी वाचत नव्हतं. मग तिनं आईवर लिहिलं.

बाबांची होडी बुडाली त्या हिवाळ्याची ती कादंबरी. त्यातली आई रोज संध्याकाळी मुलीला कोळशाच्या खोलीत कोंडते. आझलीननं स्वतःच त्यावर सिनेमा काढला, तोही इथे दुआर्नेनेत, आमच्या मच्छीमारांच्या गावात, आमच्याच गल्लीत. थिएटरात तो आठवडाभर टिकला नाही. पण एका मुलाखतीत त्या खोलीबद्दल बोलताना तिला रडू फुटलं होतं. तेवढा मिनिटभराचा तुकडा कुणीतरी इंटरनेटवर टाकला आणि महिन्याभरात तो चाळीस लाख लोकांनी पाहिला. मुली तिची वाक्यं दंडावर गोंदवून घ्यायला लागल्या.

मग त्यांना आमचं घर सापडलं.

आधी त्या मुली दारासमोर नुसते फोटो काढायच्या. आईला वाटलं, वाट चुकलेल्या पर्यटक असतील. तिनं एकीला पाणी दिलं. त्या मुलीनं ते आईच्या देखत पायरीवर ओतलं आणि मैत्रिणीनं त्याचं चित्रण केलं. पुढे निनावी पत्रं यायला लागली. एका सकाळी भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं दिसलं: ‘झोप कशी लागते तुला?’

मी रंग खरवडत होतो. आई मागे येऊन उभी राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकतीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात मासे साफ केलेली.

“गुल्वेन, किती वेळा कोंडलं म्हणून लिहिलंय रे तिनं?”

“रोज.”

“एकदाच,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांचं प्रेत आणलं त्या दिवशी. तिनं बघू नये म्हणून.” मग भिंतीवरच्या लाल रंगावर बोट फिरवत म्हणाली, “बाहेर काढायचंच विसरले मी तिला. सकाळपर्यंत.”

मी आझलीनला फोन लावला.

“दादा, कादंबरी आहे ती!”

“मग घर आपलंच का दाखवलंस? गल्लीचं नाव तरी बदलायचंस!”

ती रडली. दुसऱ्या दिवशी तिनं व्हिडिओ टाकून हात जोडले: माझ्या आईला त्रास देऊ नका. लोकांनी खाली लिहिलं, घरच्यांनी धमकावून बोलायला लावलंय बिचारीला. आठवड्याभरात तिचे चाहते दुप्पट झाले.

बेकरीच्या रांगेत आई आली की बायका बोलायच्या थांबत. तिनं पाव आणायला जाणं सोडलं, मग खिडक्या उघडणं. शेवटी मी तिला जवळच्या कँपेर शहरातल्या वृद्धाश्रमात माहेरच्या नावानं ठेवलं. तिची नर्स मोठी मायाळू होती; पण त्या नर्सच्याच पिशवीत मला आझलीनचं पुस्तक दिसलं. आईनंही ते पाहिलं असणार. त्यानंतर ती कुणाशी फारसं बोलली नाही. फेब्रुवारीत गेली.

दफनाला आम्ही आठ-नऊ जण होतो. दफनभूमीच्या फाटकाबाहेर मात्र साठ-सत्तर मुली. आझलीन गाडीतून उतरली तशी त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण पुढे आली, “तुम्ही सुटलात!” म्हणाली आणि फोन वर धरला. आझलीनचे डोळे सुजले होते. तरी तिनं केस कानामागे सारले आणि मान किंचित वळवली, तिचा फोटो चांगला येतो त्या बाजूला.

शवपेटी खांद्यावर होती म्हणून मला थांबता आलं नाही. आम्ही आत गेलो. ती मागून आली, पण तोवर पहिली माती पडून गेली होती.