दोन नंबर कुणी व्हायचं?

खर्रर्र करून नळ खाकरला आणि दुपारची सामसूम मोडली. संघप्रिया बादली घेऊन धावली. नळानं दोन उचक्या दिल्या, हवा सोडली नि गप्प झाला. नुकता कुठं डोळा लागलेली चार वर्षांची सम्यका मात्र टक्क जागी.

"कुनाला शिव्या देतंय गं त्ये?" सासू बनाबाईंनी आतनं विचारलं.

"सरपंचांना, आत्या."

जळकोटच्या पुढं आत वळलं की लागणारं हे गाव. टाकी एक, व्हॉल्व्ह दोन: एक वरच्या आळीचा, एक खालच्या वस्तीचा. पाणी सोडणारा बलभीम कुणाचं चाक किती फिरवतो, यावरनं रोज कालवा. म्हणून पंचायतीनं खालच्या वस्तीतल्याच, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या संघप्रियाला गाठलं. लेकीला थोपटता थोपटता तिनं यंत्र जुळवलं. दोन्ही चाकांना एकेक एन्कोडर बसवला. चाक फिरलं की तो वेढे मोजणार. दोघांची तार एकच, ती पंचायतीतल्या, आकडे दाखवणारा पडदा असलेल्या डबीपर्यंत. डबी हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखी नंबर पुकारणार, ज्याचा नंबर त्यानंच आपला आकडा सांगायचा. कारखान्यातनं मात्र दोघंही एक नंबर होऊन आलेले. एकाला सोल्डरचा थेंब देऊन दोन नंबर करायचं, एवढंच उरलं होतं.

तिथंच, ग्रामसभेत, गाडं अडलं.

"आमच्या आळीला दोन नंबर?" सरपंच अमरसिंह खुर्चीतनं उठले. "आमचं काय दोन नंबरचं हाय व्हय?"

मागं कुणीतरी उगंच खोकलं.

"मग आमाला करा की!" खालच्या वस्तीचे श्रीपतीतात्या उसळले. "जन्मभर मागं. आता तारंतबी मागंच?"

"तात्या, तो मान न्हाय, नुसता पत्ता हाय," संघप्रिया म्हणाली.

"पत्त्यावरनंच तर माणूस वळखत्यात, पोरी."

ग्रामसभेनं एकमतानं ठराव केला: दोघंही एक नंबर.

"अहो, पण हाक मारली की दोघं एकदम बोलतील!"

"बोलू द्या," सरपंच म्हणाले. "लोकशाही हाय."

उद्घाटनाला डबीला हार घातला, नारळ फुटला. बलभीमानं वरचं चाक आठ वेढे फिरवलं, खालचं तीन. डबीनं एक नंबर पुकारला आणि दोघंही एकदम बोलले. त्या तारेची खोडच अशी, की दोघं एकदम बोलले तर शून्याचाच जोर चालतो. तारेच्या भाषेतल्या आठात (१०००) तीन (००११) मिसळले, जागोजागी शून्यच जिंकलं आणि पडद्यावर ठळक उमटलं: शून्य.

"बघा!" अमरसिंहांचा ऊर भरून आला. "दोघास्नी सारखं! आता कसली तक्रार?"

टाळ्या पडल्या. तात्यांनीही वाजवल्या, जन्मात पहिल्यांदा बरोबरी झाली होती. वरच्या आळीतल्या घरोघरच्या भरलेल्या टाक्यांचं पाणी तोवर रस्त्यानं वाहत त्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या नावाखाली संघप्रियानं खालचा एन्कोडर काढून घरी आणला आणि सोल्डर गन तापत ठेवली. सम्यका पाठीला बिलगली.

"आई, काय करतीस?"

"आपल्याला दोन नंबर करते. कुणाला सांगू नको हं, बाळा. मग आपल्याला किती वेढे मिळत्यात, ते सगळ्यांना दिसंल."

सम्यका कोरड्या नळाकडं बघत राहिली.

"दिसल्यावर बलभीममामा जास्त फिरवंल?"