अडतीस नंबरचं शीड

बसा हो, घाई कसली? एका होडीवाल्याची गोष्ट सांगतो, ऐकून जा. तुम्हाला पोहता येत नसलं तरी चालेल. त्यालाही येत नव्हतं.

धंद्याने प्लंबर. आठवडाभर लोकांच्या मोऱ्या उपसायचा आणि रविवारी तलावावर जाऊन शिडाची होडी हाकायचा. बायको म्हणायची, "सहा दिवस पाण्यात हात घालून पोट भरत नाही वाटतं तुमचं!" पण माणूस खूश होता. मोडकी होडी आणून त्याने स्वतः दुरुस्त केली होती, आणि तिच्याबरोबर त्याला नंबर मिळाला होता, अडतीस.

आता हे नंबराचं समजून घ्या. तिथल्या सगळ्या होड्या एकाच साच्यातल्या, पांढऱ्याफेक, अंड्यांसारख्या. ओळखायच्या कशा? तर शिडावर शिवलेल्या नंबरावरून. माणसांची नावं कुणाला धड ठाऊक नसायची, नंबर मात्र सगळ्यांना पाठ. फोनवर त्यांचा ग्रुप होता. रविवारी कुणीतरी काठावरून व्हिडिओ काढायचं, की आठवडाभर त्याचंच चऱ्हाट. "सतरा बघा कसा झिंगत चाललाय, कालची उतरली नाही वाटतं." "अडतीसने वळण काय मारलंय, वा!" हा 'वा' प्लंबर कुणाच्या तरी सिंकखाली आडवा पडून वाचायचा आणि एकटाच हसायचा.

त्याचा जिगरी म्हणजे मास्तर. शाळेतला नाही हो, गाडी शिकवणारा. दोघं होडी एकत्रच शिकले. प्लंबरचा बाप हॉस्पिटलात होता तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मास्तर रात्रंदिवस बसून होता. अशी दोस्ती.

तर एका शनिवारी मास्तर दारात हजर. "माझं शीड टराटरा फाटलंय रे. उद्या शर्यत आहे. तुझं देतोस?"

प्लंबरची कंबर धरली होती, तो पलंगावरून हलू शकत नव्हता. म्हणाला, "घेऊन जा की. विचारतोस काय, गाढवा! फक्त सकाळी शिट्टीकाकांना सांग."

शिट्टीकाका म्हणजे शर्यत सुरू करून देणारे म्हातारे. उसनं शीड लावलं की त्यांना आधी सांगायचं, हा तिथला रिवाज. आणि दुसरा रिवाज असा, की चुकून कुणाला धडक दिली तर आपली होडी गरागरा दोनदा फिरवायची. दोन गिरक्या घेतल्या की चूक कबूल. मग कुणी त्या गोष्टीचा पुन्हा ब्रसुद्धा काढत नाही.

रविवारी संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. बेकरीवाल्याच्या मुलीने काढलेला. बेकरीवालाही शर्यतीत होता; तो सरळ चाललाय, त्याचा हक्काचा रस्ता. आडवी एक होडी घुसते, त्याचं सुकाणू मोडते, बेकरीवाला धबाक्कन पाण्यात. आणि ती होडी? गिरकी नाही, मागे वळून बघणं नाही. सुसाट निघून जाते. हाकणारा शिडाआड, त्याचं तोंड दिसत नाही. शिडावर मात्र ठसठशीत अडतीस.

ग्रुपवर नुसता कल्ला. "लाज नाही का?" "माणूस पडलाय ते तरी बघायचं!"

प्लंबरने काहीच लिहिलं नाही. म्हटलं, मास्तर लिहील. त्यालाच लिहू दे, शोभेल. 'मास्तर लिहितोय' असं वर दिसायला लागलं. प्लंबर उशीला टेकून वाट बघत होता.

मास्तरने लिहिलं, "नंबर तर स्पष्ट दिसतोय."

प्लंबरने ते वाचलं, परत वाचलं. मग बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "चुकून पाठवलं असेल हो. फोन करा." केला. वाजून वाजून बंद पडला.

पुढच्या रविवारी क्लबच्या शेडमध्ये सगळे जमले. प्लंबर कंबरेला पट्टा बांधून गेला. म्हणाला, "शीड माझं, पण होडी मास्तरची होती. मी पलंगावर होतो."

मास्तरने त्याच्याकडे बघितलंही नाही. "माझं शीड फाटलेलं. मी त्या दिवशी पाण्यात उतरलोच नाही."

शिट्टीकाका म्हणाले, "मला तर कुणी काही सांगितलं नव्हतं बाबा. पंधरा-वीस होड्या, मी नंबरच बघतो."

प्लंबरने फोन पुढे केला. "खालच्या कोपऱ्यात ही सुरकुती बघा. मास्तरच्या होडीची शिडाखालची आडवी काठी मोडून बदललीय, ती आखूड आहे. माझं शीड तिथे ताणून बसत नाही."

कुणीतरी हसलं. "सुरकुत्या काय, आमच्या तोंडावरही आहेत!" बेकरीवाला मात्र हसला नाही. तो मान फिरवून म्हणाला, "निदान पडलेल्याला हात तरी द्यायचा होतास."

हे प्लंबरला लागलं बघा. ज्याने काही केलं नव्हतं, त्यालाच.

निकाल लागला. शीड ज्याचं, जबाबदारी त्याची. अडतीस नंबर हंगामभर बंद. ग्रुपमधूनही काढला.

काही दिवसांनी मास्तर घरी आला. प्लंबर शेडमधून परत आणलेलं शीड जमिनीवर पसरून शिवत बसला होता. बायकोने पाणी विचारलं नाही. मास्तर स्वतःच स्टूल ओढून बसला.

"वहिनी रागावल्यात वाटतं," तो म्हणाला. "हे बघ, पुढच्या महिन्यात मला अध्यक्ष करतायत. गाडी शिकवणारा धडक मारून पळाला म्हटल्यावर केलं असतं का? क्लासला कुत्रं फिरकलं नसतं. एका हंगामाचाच तर प्रश्न आहे. मी बसलो की तुझा नंबर उघडतो. आई शप्पथ."

"दोनच गिरक्या घ्यायच्या होत्या रे," प्लंबर म्हणाला.

"घाबरलो यार."

"पाण्यात घाबरलास, ते समजलं मला. शेडमध्येही घाबरला होतास?"



प्लंबरने दाताने दोरा तोडला. शीड उचलून मास्तरच्या मांडीवर ठेवलं. "ने. तुझं फाटलंय ना."

मास्तरने उलगडलं. अडतीस उसवून काढला होता. त्या जागी मास्तरचा स्वतःचा नंबर शिवलेला, बावन्न. पण जुनं कापड उन्हाने पिवळं पडलेलं आणि अडतीसखालचं तेवढं कोरं राहिलेलं. बावन्नच्या मागून अडतीस पांढराशुभ्र दिसत होता. लपवायला जागाच नव्हती.

"हे लावून मी कसा जाऊ?" मास्तर हळूच म्हणाला.

"तेच. जाशील का?"

मास्तरने कापड गोळा केलं. मग घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, दोघं एकत्र शिकले होते तशी. स्टुलावर ठेवली आणि गेला. त्यानंतर तो आला नाही. अध्यक्ष झाला म्हणतात.

शीड अजून प्लंबरच्या माळ्यावर आहे. बायको म्हणते, गाडीवर झाकायला तरी घ्या. तो घेत नाही.

आणि तो व्हिडिओ अजून फिरतोय, बेकरीवाला पडतो म्हणून लोक हसतात. तुमच्या फोनवरही येईल कधीतरी. त्यात माणूस दिसत नाही, फक्त नंबर दिसतो. तेवढा पुढे पाठवू नका.