शिंपल्याचा रंग मेणावर

सलग आठव्या दिवशी शिंपल्यांच्या बटणांच्या कारखान्यातली दीडशे माणसं जेवणाच्या सुट्टीत डबे न उघडता पॅकिंगच्या शेडमध्ये उभी होती. संपातही या कारखान्याने जेवण सोडलं नव्हतं.

टेबलामागे मोतिबिंदू घालवणारे शिंपलेबाबा. त्यांनी काळ्या मेणाची वडी दिव्यावर जराशी मऊ केली आणि तिच्यावर नाणं दाबलं. नुसता ठसा. कंगवा दाबला. दातांचा ठसा. मग गुळगुळीत घासलेला शिंपला दाबला, अलगद उचलला आणि वडी कलती धरली. काळ्या मेणावर हिरवा-गुलाबी रंग सळसळत होता.

"शिंपल्याचा प्राण मेणात उतरला," बाबा म्हणाले.

बाहेरच्या कुणालाही वाटलं असतं, शिंपल्याला रंग फासलाय. इथल्या माणसांना तसं वाटणं शक्यच नव्हतं. शिंपले कापण्यात आणि घासण्यात त्यांची हयात गेली होती. शिंपला कितीही घासा, भुकटी पांढरीच पडते, रंग हाताला लागत नाही. चाळीस वर्षांत जो रंग सुटला नाही तो मेणावर सुटला, म्हणजे चमत्कारच. अडाणी माणूस फसला नसता. हे तज्ज्ञ होते.

"रात्रभर मिटल्या डोळ्यावर बांधा. सकाळी वडीवर रंग नसेल. तो डोळ्यात गेला. मोतिबिंदू म्हणजे शिंपल्याचं चुकलेलं लेकरू. आई आली की आपणहून निघतं."

"आणि रंग तसाच राहिला तर?" फोरमनने विचारलं.

"तर डोळा आधीच बरा आहे."

फोरमनचं समाधान झालं.

पहिल्या रांगेत अप्पा होते, पॉलिशखात्यातून निवृत्त झालेले. उजव्या डोळ्यातला मोतिबिंदू इतका पिकला होता की आतला दाब वाढायला लागला होता. ऑपरेशन उद्या सकाळी आठला. आणखी थांबलात तर गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"उद्याचं रद्द कर," ते मुलीला म्हणाले. "सात वड्या आत गेल्यात. आठवीला पडदा सरकणार."

मुलगी याच कारखान्यात तपासणीस होती. सूक्ष्मदर्शकाखाली बटणांचे तडे शोधायचे आणि सापडले की खात्याच्या शिव्या खायच्या, असं तिचं काम. तिने वाद घातला नाही.

"अप्पा, सदऱ्याचं वरचं बटण द्या. तुम्हीच पॉलिश केलेलं आहे ना?"

"माझाच हात आहे तो."

"बाबा, एक कोरी वडी मिळेल?"

"मंत्राशिवाय ते नुसतं मेण आहे, ताई."

"तेच हवंय."

तिने मेण मऊ केलं, त्यावर बटण दाबून उचललं. वडीवर बटणाएवढा हिरवा-गुलाबी गोल सळसळला.

"प्राण बटणातही असतो," बाबा तत्परतेने म्हणाले.

"मग मी रात्री नवऱ्याचा सदराच तोंडावर घेते," पॅकिंगची मावशी म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

मुलीने अप्पांना तपासणी खोलीत नेलं. दीडशे माणसं दारात कोंबली गेली.

"सूक्ष्मदर्शकाला चांगला डोळा लावा. बटणावर काय दिसतंय? आणि वडीवर?"

"दोन्हींवर बारीक रेघा. वळणावळणाच्या. नकाशात डोंगर काढतात तशा."

"त्या थरांच्या कडा. शिंपल्यातला जीव चुन्याच्या पातळ चकत्या रचतो, विटांसारख्या, थरावर थर. एकेक थर केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. तुम्ही घासता तेव्हा थर तिरके कापले जातात आणि पायऱ्या पडतात. त्यांवर आपटून उजेडाचे रंग वेगळे होतात. शिंपल्यात रंग नाहीच, म्हणून भुकटी पांढरी. मेणाने फक्त पायऱ्यांचा ठसा घेतला, कंगव्याचा घेतला तसाच. आता वडीवर अंगठा घासा."

अप्पांनी घासला.

"रंग?"

"गेला." त्यांनी पुन्हा भिंगातून पाहिलं. "रेघाही गेल्या."

"अंगठ्यात गेल्या का?"

अप्पांनी अंगठाच भिंगाखाली धरला.

"अंगठा बरा झाला असेल," मावशी म्हणाली.

"रात्रभर डोळ्याच्या उबेने मेण मऊ झालं, दाबलं गेलं, पायऱ्या बसल्या," मुलगी म्हणाली. "डोळ्यात काही गेलं नाही, अप्पा. गेला तो तुमचा आठवडा."

खुलासा मागायला सगळे शेडकडे वळले, तेव्हा टेबलावर फक्त कंगवा होता.

सकाळी आठला ऑपरेशनच्या खोलीबाहेर अप्पा अडून बसले. "आत काय बसवणार ते आधी दाखवा."

मुलीने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी मात्र भिंगाचं बंद पाकीट आणलं, त्याचा नंबर कसा काढला ते कागदावर मांडलं, आणि काय बिघडू शकतं तेही न विचारता सांगितलं. अप्पांचे सात प्रश्न झाले. एकदाही कुणी श्रद्धा कमी पडते असं म्हणालं नाही.

आपणही एवढंच करावं. दाखवा म्हणावं. दाखवतील त्यांच्याकडे जावं, चिडतील त्यांच्यापासून डोळे सांभाळावेत.

अप्पांनी चष्मा मुलीच्या हातात दिला आणि आत गेले.