रद्द झालेली राणी

व्हर्लिननं हातातला शेवटचा पत्ता टेबलावर उताणा टाकला.

“रद्द.”

समोर बसलेल्या मार्लानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ओठ मुडपले. नुकतीच खेळलेली दलदलीची राणी तिनं उचलून बाद गठ्ठ्यावर ठेवली. राणी मैदानात उतरलीच नाही. पण या खेळात प्रत्येक पत्त्यावर त्याचा नियम छापलेला असतो, आणि राणीवर होतं, हा पत्ता खेळताच समोरच्याचे मैदानातले दोन पत्ते बाद. खेळताच. मग राणी रद्द झाली तरी ते दोन जायचेच, आणि ते गेले असते तर व्हर्लिनचा खेळ तिथंच आटोपला असता.

मार्लानं त्या दोन पत्त्यांचं नावही काढलं नाही. असल्या स्पर्धांत ज्याचा पत्ता त्यानं लक्षात ठेवायचा, समोरच्यानं आठवण करून द्यायची सक्ती नाही. व्हर्लिन गप्प बसला.

“झालं माझं. खेळ तू,” ती म्हणाली.

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या त्या पत्त्यांच्या दुकानात तो पंधरा वर्षं दर शनिवारी खेळत होता. मिनियापोलिसच्या मोठ्या स्पर्धेची इथली एकुलती एक जागा त्याला कधी मिळाली नव्हती. मार्लाला पत्ते त्यानंच शिकवले, घरी एकटी कंटाळते म्हणून. गेल्या वर्षी बाईंनी ती जागा पहिल्या फटक्यात पटकावली आणि हा तिचा कोट मांडीवर घेऊन तीन तास प्रेक्षकांत बसला. तेव्हापासून दुकानात तो ‘मार्लाचा नवरा’ झाला. पोरं तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवत, कॉफी आणून देत. व्हर्लिन आतून जळत होता. बायकोवर जळतो याची लाज वाटायची, पण जळणं काही थांबत नव्हतं.

दोन खेळींत त्यानं अंतिम सामना जिंकला, आणि मिनियापोलिसची यंदाची जागाही.

“वा, गुरुजी! शेवटी चेलीला लोळवलंत!” मागून कुणीतरी ओरडलं.

मार्ला टेबलावरून वाकून त्याच्या गळ्यात पडली. तिला खरंच आनंद झाला होता, हे त्याला फार बोचलं.

पंच ड्वाइट निकालाचा कागद घेऊन आला. सही घेतल्यावर त्याला राहवलं नाही.

“मार्ला, सामना चालू असताना मला बोलता येत नव्हतं. पण राणीचे दोन पत्ते का सोडलेत?”

“कुठले? राणी रद्द झाली ना. ती गेली की तिचं सगळंच गेलं.”

“असं कुणी सांगितलं?”

“यानं. आमच्या स्वयंपाकघरात, नोव्हेंबरात.”

व्हर्लिनला ती संध्याकाळ आठवली. मार्ला लागोपाठ तिसरा डाव जिंकत आली होती. त्यानं तिची राणी रद्द केली आणि चेहरा सरळ ठेवून ती थाप मारली. उद्या सांगू खरं काय ते, असं म्हणाला होता मनाशी. मग रोजच उद्या.

“अहो, पंधरा वर्षं खेळतोय तो,” मार्ला ड्वाइटला ऐकवत होती. “त्याला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?”

ड्वाइटनं गठ्ठ्यावरची राणी तिच्या हातात दिली. तिनं चष्मा चढवून ओळीखाली बोट फिरवत वाचलं. पुन्हा वाचलं. व्हर्लिनचे कान तापले. आता ती मान वर करील आणि सगळं संपेल.

तिनं मान वर केली. चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

“अरे, म्हणजे तुलाही माहीत नव्हतं!”

आजूबाजूची पोरं हसली. ड्वाइट हसला नाही. पंचाची परीक्षा देताना नेमका हा नियम त्याला व्हर्लिननंच समजावला होता. तो हातातल्या कागदाची घडी घालत राहिला.

“नव्हतं,” व्हर्लिन म्हणाला.

“असू दे रे.” मार्लानं त्याची पाठ थोपटली. “मिनियापोलिसला जायच्या आधी आपण दोघं बसून नियम नीट वाचून काढू. मी शिकवीन तुला.”